दुसऱ्या कुंडीतले झेंडू

हे मी आजवर कुणापुढे उघडलेलं नाही. बायकोपुढे नाही — आणि तिच्यापासून मला खिशातली विडीसुद्धा लपवता आली नव्हती. मुलांपुढे नाही. देवापुढे तर नाहीच, कारण देवासमोर हात जोडून मी नेहमी दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. आता नव्वदी ओलांडली. कान गेले, दात गेले, ही एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. बहुतेक म्हणूनच तुम्हांला सांगणं जमेल. मध्ये थांबलो तर घाई करू नका, एवढंच.

सुरुवात कुठून करू? स्वतःपासून केली तर दोन ओळींत संपेल, आणि मला ती दोन ओळींत संपवायची नाही — हा माझा स्वभाव आत्ताच ओळखून ठेवा. वामन गुरुजींपासून करतो. त्यांच्याबद्दल बोलताना मला अजूनही बरं वाटतं.

गुरुजी बुऱ्हाणपुरात आयुष्यभर गणित शिकवत आले. मी दापोऱ्याचा, केळीच्या बागेत वाढलेला, शाळेपायी शहरात मामाकडे राहिलेला. त्यांच्या वर्गात एक नियम होता. गणित चुकलं तर खोडरबर लावायचं नाही, गिचमिड करून झाकायचं नाही. चुकलेल्या उत्तरावर एकच आडवी रेघ मारायची — अशी, की खालचा आकडा वाचता आला पाहिजे — आणि बाजूला बरोबर उत्तर लिहायचं. "चूक झाकलीस तर ती दोनदा झाली," असं म्हणायचे. आम्ही पोरं पाठीमागे त्यांनाच 'आडवी रेघ' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर गुरुजी नगरपालिकेत निवडून आले. प्रचार कसला करणार? सकाळी फिरायला निघायचे आणि भेटेल त्याला नमस्कार करायचे. निम्मं शहर त्यांच्या छडीखालून गेलेलं. पाणी समिती त्यांच्याकडे आली. ते दिवस मोठे चमत्कारिक होते. संस्थानं विरघळून झाली होती आणि आता प्रांत मोडून नवी राज्यं जुळत होती. आमची राजधानी नागपूर. ती सुटणार आणि आमच्या फायली भोपाळला जाणार, असं ठरत आलं होतं. कचेरीत रोज एक नवी अफवा यायची. कुणी म्हणे आपण खानदेशाबरोबर मुंबईकडे जाणार, कुणी म्हणे छे, आपण इथेच. चहाच्या दुकानात लोक बशीत चहा ओतता ओतता जिल्हे वाटून मोकळे व्हायचे. गुरुजी तेवढे शांत होते. म्हणायचे, "राज्य कुठलंही येऊ दे, तहान इथेच लागणार आहे."

त्यांनी ध्यास घेतला तो असा — नवं सरकार नीट बसायच्या आत त्याच्या टेबलावर आमच्या शहराची योजना पोचली पाहिजे. मागणीपत्रं काय, सगळेच पाठवत होते. आम्हांला हे द्या, आम्हांला ते द्या. गुरुजींच्या योजनेत मागणं थोडं आणि शहरानं स्वतःवर घालून घेतलेली बंधनंच जास्त. पन्नास वर्षांनी हे शहर पाणी कुठलं पिणार? उन्हाळा आजच्याहून कडक झाला तर सावली कुठून आणणार? डोंगर बोडका झाला तर पाऊस कुणाच्या अंगणात पडणार? पन्नास वर्षं! अहो, आम्हांला पुढच्या पोळ्याला काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि हा माणूस न जन्मलेल्या लोकांच्या तहानेचा हिशेब मांडत बसला होता.

आणि कसा मांडला! कचेरीत बसून नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यात गेले, ओट्यावर बसले. म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, नवी नवरी होतीस तेव्हा पाण्याला किती पावलं चालायचीस, आता सून किती चालते? विणकरांना विचारलं, रंगाऱ्यांना विचारलं, टांगेवाल्यांना विचारलं की घोडी दुपारी कुठल्या झाडाखाली उभी करता. मग त्यातून एकेक कलम निघायचं. लुगडी रंगवल्यावर उरलेलं रंगीत पाणी तापीत सोडायचं नाही, आधी हौदात निवळू द्यायचं. मोऱ्यांचं पाणी भाजीच्या मळ्यांकडे वळवायचं. शहराबाहेरच्या लालबागेकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंब लावायचे, आणि ज्याच्या दारासमोर रोप येईल त्यानं दोन उन्हाळे ते जगवायचं. हे सगळं ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला लिहायचे. पान उलटलं की मागे कुणातरी पोराचं चुकलेलं त्रैराशिक असायचं. ती पानं बघून मला फार हसू यायचं, आणि अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोलू, तो खरा होता.

योजनेचा कणा म्हणजे अकरावं कलम. ते समजायला कुंड्या समजल्या पाहिजेत. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी मोगलांच्या काळापासून जमिनीखालच्या बोगद्यातून आपोआप शहराकडे वाहत येतं. त्या बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरानं विहिरीसारखी उभी तोंडं आहेत, त्या कुंड्या. लालबागच्या पलीकडे रानात गेलात तर ओळीनं दिसतात. पाण्यात चुन्याचा अंश, त्यामुळे आतल्या भिंतींवर पांढरी पुटं चढतात. पाणी मात्र असं गोड की पाहुणा तांब्याभर पिऊन दुसरा तांब्या मागतो. गुरुजींचं म्हणणं होतं की खालच्या कुंड्यांचं पाणी उतरतंय, आणि त्याचं कारण वरच्या उतारावर आहे. तिथे चुन्याच्या भट्ट्या होत्या. दगडासाठी खणायचे, भट्टीसाठी झाडं तोडायचे. सुटलेली माती पावसाबरोबर कुंड्यांत उतरायची. अकरावं कलम एवढंच सांगत होतं — कुंड्यांच्या वर, उतारावर, भट्टी नको, खाण नको, कुऱ्हाड नको.

समितीतले लोक वाईट नव्हते. ते म्हणाले, गुरुजी, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण दाखवा. भट्टीवाले शेठही हसून हेच म्हणाले. गुरुजींना ते फार पटलं. दाखवल्याशिवाय मानू नका, हेच तर त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. शंभरावर कुंड्यांतून त्यांनी वरपासून खालपर्यंत सात निवडल्या. दर पंधरवड्याला सातही कुंड्यांत उतरून पाणी मोजायचं, आणि वाहतंय की नाही ते बघायचं. पाण्याची खोली दोरानं, हात आणि बोटांत. वाहणं मात्र झेंडूच्या फुलानं — वरच्या कुंडीत फूल टाकायचं, खालच्या कुंडीत उतरून बसायचं आणि ते किती वेळात तरंगत येतं ते घड्याळ लावून बघायचं. फुलं गुरुजींच्या अंगणातली, घड्याळ गुरुजींचं. मोजणारा माणूस मात्र हवा होता, उतरू शकेल असा, आणि खोटं लिहिणार नाही असा.

त्यांनी माझं नाव सांगितलं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, नुकतं लग्न झालं होतं, सासरे भेटले की नोकरीचं विचारायचे. गुरुजींनी समितीत सांगितलं, मुरलीधर माझा विद्यार्थी आहे, आडवी रेघ मारणारा. त्या एका वाक्यावर मला नोकरी लागली. नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः मथळा लिहिला, सात उभी घरं आखून दिली. आणि मी —

थांबा, सांगतो.

दोर सोडायला भिकाबाबा होता. कुंड्या साफ करण्यात त्याच्या घराच्या किती पिढ्या गेल्या होत्या ते त्यालाही मोजता येत नव्हतं. एक फळी दोन दोरांना बांधलेली, दोर चाकावरून बैलाच्या खांद्याला. बैल पुढे गेला की माणूस वर, मागे सरला की खाली. पहिली कुंडी उथळ, पायऱ्यांची. ती मी व्यवस्थित मोजली. दुसरीही फार खोल नव्हती, पण अरुंद होती, पायऱ्या नव्हत्या. फळीवर बसलो. अर्ध्यात गेलो आणि फळी गरकन फिरली. वर पाहिलं तर आभाळ भाकरीएवढं. भिंती जवळ आल्या. आणि मी असा ओरडलो की भिकाबाबाच्या बैलानं स्वतःहून मला वर ओढलं. बाहेर आलो तेव्हा पायजमा ओला होता. कुंडीतलं पाणी उडालं, असं मी भिकाबाबाला सांगितलं. पाण्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो, हे त्याला दोरावरून कळत होतं. तो भला माणूस बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

भीती वाटणं हा काही गुन्हा नाही, हे मला माहीत आहे. लालबाग ओलांडून गुरुजींच्या घरी जायचं आणि म्हणायचं, मला जमत नाही, दुसरा माणूस बघा. एवढंच करायचं होतं. मी तसा निघालोही होतो. पण मनात सासऱ्यांचा चेहरा आला, कचेरीतली नवी खुर्ची आली, आणि सगळ्यांत आधी गुरुजींचं ते वाक्य आलं. सायकल मी घराकडे वळवली.

मग मी एक शोध लावला. बोगदा एक, पाणी एक. मग पहिल्या कुंडीत जेवढं, तेवढंच खालीही असणार ना? उतारासाठी कुठे दोन बोटं कमी करायची, कुठे एक वाढवायचं. माझं गणित चांगलं होतं, गुरुजींनीच शिकवलेलं. भिकाबाबाला मी माझं हे शहाणपण ऐकवलं. तो दोर गुंडाळत होता.

"भाऊ, पानी तं एकच हाय," तो म्हणाला, "पन मधात रस्ता बुजला तं? वरच्या पान्याले काय समजते, खाली कोन तहानलं हाय म्हनून?"

मी म्हणालो, तुला काय कळतं. असं म्हणालो — पांढऱ्या मिशांच्या माणसाला, चोवीस वर्षांचा मी. तो पुन्हा बोलला नाही. त्याचं रोजचं काम माझ्या सहीवर चालत होतं.

म्हणजे पहा, त्या वहीतलं पहिलं घर खरं आहे. दर पंधरवड्याला मी पहिली कुंडी देवाच्या पूजेसारखी मोजली. उरलेली सहा घरं तिथेच बाभळीखाली बसून भरली. फुलाला लागलेला वेळसुद्धा लिहिला, थोडा थोडा वेगळा, खरा वाटावा असा. शाईसुद्धा मी दोन प्रकारची वापरायचो, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसेल. बघा, किती कष्ट घेतले! तेवढ्या कष्टात माणूस सातदा उतरून वर आला असता.

आणि फुलं? गुरुजींच्या अंगणातून दर खेपेला केळीच्या पानात गुंडाळलेली झेंडूची फुलं मिळायची. त्यांनी मोठ्या प्रेमानं वाढवलेली. पूजेच्याही आधी कुंडीसाठीची फुलं काढून ठेवायचे. ती वाटेत फेकली तर कुणी बघेल. म्हणून मी सगळी पुडी दुसऱ्या कुंडीच्या तोंडातून खाली सोडून द्यायचो.

आता हे नीट ऐका, कारण माझी खरी लबाडी इथे आहे. भर बाराला ऊन सरळ कुंडीत उतरतं आणि वरून पाणी दिसतं. पहिल्या खेपेला टाकलेली फुलं दुसऱ्या खेपेला तिथेच होती. तिसऱ्या खेपेला खाली तपकिरी, वर पिवळी. चौथ्या खेपेला थर. वाहतं पाणी फुलं ठेवून घेतं का हो? शेतकऱ्याचा मुलगा मी. पाटात पान अडलं की पुढे काहीतरी तुंबलंय, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. दुसऱ्या कुंडीपुढची वाट बुजत चालली होती. म्हणूनच वरचं पाणी इतकं छान टिकून होतं. मी काठावरून वाकून ती साचलेली फुलं पाहायचो आणि बाभळीखाली येऊन वहीत लिहायचो — फूल पोचले.

समितीच्या बैठकीत वही वाचायची होती त्या सकाळी भिकाबाबा माझ्या दाराशी आला. कधी येत नसे. त्याचं घर शहराच्या बाजूला, सातव्या कुंडीच्या पाण्यावर.

"भाऊ, सातवीत घागर खाली टेकते. खरडून खरडून भरा लागते. सुनेचे हात सोलून निघाले." मग म्हणाला, "आज सांगून टाका गुरुजीले. ते काही म्हनत नाहीत."

बघतो, म्हणालो मी. माझ्याकडे तेव्हा चार तास होते.

बैठक दुपारी भरली. जाजमावर सगळे सभासद, एका बाजूला भट्टीवाले शेठ, दाराशी भिकाबाबा चपला काढून उभा. नोंदवही वाचायचं काम माझं आणि बैठकीचा वृत्तान्त लिहायचंही माझंच. मी वाचलं. पहिली कुंडी, दुसरी, तिसरी. आवाज अगदी स्वच्छ होता. सातवीपर्यंत पाणी जिथल्या तिथे. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "सातवी पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. दाराकडे मी पाहिलं नाही.

शेठ काही जिंकल्यासारखे वागले नाहीत, उलट ओशाळले. म्हणाले, "गुरुजी, हम तो आपही के लड़के हैं. पाणी कमी असतं तर मी स्वतः भट्टी हलवली असती." आणि गुरुजी उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठायचे. त्यांनी शेठपुढे हात जोडले.

"मोजलेलं खरं," ते म्हणाले. "माझे डोळे म्हातारे झाले असतील. पुराव्याशिवाय मी तुमच्या धंद्यावर आळ घेतला, मला क्षमा करा. अकरावं कलम मी मागे घेतो."

आणि मी लिहीत होतो. त्यांची क्षमा मीच लिहून घेतली, शब्दाला शब्द. टाक हातात होता, तोंड जागेवर होतं, भिकाबाबा दाराशी होता. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांत कसं बोलणार? मीही स्वतःला कैक वर्षं तेच सांगितलं. पण बैठकीनंतर ओसरीवर आम्ही दोघेच होतो. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुरली, तुझ्यामुळे मी एका भल्या माणसावर अन्याय करता करता वाचलो." तिथे कोण होतं? तिथेही मी नुसती मान डोलावली.

योजना भोपाळला गेली. अकरावं कलम वगळून, आणि शेवटच्या पानावर गुरुजींच्या अक्षरात — जलमोजणी : मुरलीधर.

माझी तसली मोजणी पुढेही चालूच होती, आणि पुढच्या वैशाखात सहावी आणि सातवी कुंडी कोरडी पडली. बायकांची रांग तापीकडे लागली, भर उन्हात, डोक्यावर दोन दोन हंडे. त्या रांगेत भिकाबाबाची सूनही होती. गुरुजी काठी टेकत आले आणि भिकाबाबाला म्हणाले, मला खाली सोड. सत्तरीला टेकलेला माणूस! मी म्हणालो, गुरुजी, तुम्ही नको. "मग कोण?" त्यांनी विचारलं. सहज विचारलं असेल. मी दोराजवळ सरकलो. ते फळीवर बसले, धोतर खोचलं, आणि भिकाबाबाच्या बैलानं त्यांना सातव्या कुंडीत उतरवलं. मग सहाव्या, मग पाचव्या, असे वर वर येत. तिसरीत कमरेएवढा गाळ निघाला, भट्ट्यांकडची पांढुरकी माती, आणि बोगद्याचं वरचं तोंड पूर्ण बुजलेलं.

मग दुसरी. तिच्यात ते बराच वेळ होते. मी वर दोराजवळ उभा. मला माहीत होतं तिथे काय आहे. वर आले तेव्हा त्यांच्या ओल्या मुठीत झेंडू होते, काळे पडलेले, एकदोन अजून पिवळट. त्यांनी ते कुंडीच्या काठावर ठेवले.

"फुलं इथेच थांबली," ते म्हणाले.

मग हात पुढे केला. "घड्याळ दे मुरली. आता लागणार नाही."

मी खिशातून घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते कानाशी धरून पाहिलं, चालू होतं. दुसरं काही विचारलं नाही — ना तेव्हा, ना नंतर कधी. त्यांना कळलं होतं का? हजारो उत्तरपत्रिका तपासलेला माणूस, नक्कल केलेलं उत्तर दुरून ओळखणारा. कळलं नसेल असं मी म्हणू शकत नाही. आणि कळलं होतं असंही शपथेवर सांगता येणार नाही, कारण मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपाळला पुरवणी पत्र लिहवलं. सुवाच्य प्रत काढायचं काम अर्थात माझं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मोजणीची पद्धत सदोष होती, असं त्यात होतं. अकरावं कलम पुन्हा घ्यावं, अशी विनंती होती. आणि एक वाक्य होतं — 'या प्रकरणी चूक सर्वस्वी माझी आहे.' ते मी माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. खाली सही त्यांनी केली.

उत्तर फार उशिरा आलं. योजना मान्य, पुरवणी विचाराधीन. ती अजून विचाराधीनच असेल. भट्ट्या आणखी बरीच वर्षं धूर सोडत राहिल्या.

पण गुरुजी बसून राहिले असं समजू नका. त्यांनी आणि भिकाबाबानं माणसं जमवून गाळ उपसला. दोन महिने रोज स्वतः जात होते. शेठनीही गाडी-बैल दिले. कुणी सांगितलं नव्हतं. उतारावर जिथे परवानगी मिळाली तिथे शाळेच्या मुलांकडून झाडं लावून घेतली. फुलं टाकून बघायला पुन्हा स्वतः उतरायचे, अंगणातलीच फुलं. पाचव्या कुंडीपर्यंत पाणी परत आलं. सातवी मात्र पहिल्यासारखी कधी भरली नाही. मी या सगळ्यात होतो. वर, दोर धरून. तेव्हाही खाली उतरलो नाही.

लालबागच्या रस्त्यावरचे कडुनिंब बरेच गेले, काही उरलेत. त्यांच्याखालून जाताना कुणी म्हणतं, काय थंड वाटतं हो इथे! मला दर वेळी सांगावंसं वाटतं, ही सावली एका माणसानं जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर आखली होती. शहरं अशी चालतात, कुणीतरी आपल्या मरणानंतरचा उन्हाळा आधीच मनाला लावून घेतं म्हणून. असा माणूस मी जवळून पाहिला. त्याच्याइतकं मोठं मी दुसरं काही पाहिलेलं नाही, आणि त्याला समितीपुढे हात जोडायला मी लावलं.

गुरुजी गेले, भिकाबाबा त्यांच्या आधी गेला. कचेरीतले जुने कागद एकदा रद्दीत निघाले तेव्हा ती नोंदवही मी गुपचूप घरी आणली. जाळायला आणली होती. पहिलं पान उघडलं तर मथळा गुरुजींच्या अक्षरात. जाळणं झालं नाही.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती. शहराची नवी योजना करतायत म्हणे — उन्हाळे वाढले, पाऊस लहरी झाला, पुढच्या तीस वर्षांत पाणी, झाडं, सावली यांचं काय करायचं त्याची. चुणचुणीत मुलगी, बोलताना हिंदी-मराठीची वेणी घालणारी. तिला कुठूनतरी कळलं होतं की ती वही माझ्याकडे आहे.

"बाबाजी, इतकं पुरानं रेकॉर्ड कुणाकडेच नाहीये," ती म्हणाली. "आमचा पूरा प्लॅन यावर उभा राहील. तुमच्या काळी लोक किती ईमानदारीनं काम करत होते!"

तिच्यासाठी चहा आला, ती प्यायली. आठवड्यानं देतो, असं मी तिला सांगितलं.

उद्या ती येईल. वही समोर आहे. पहिल्या घराला मी हात लावलेला नाही, ते खरं आहे. उरलेल्या सहा घरांत, पानोपानी, प्रत्येक आकड्यावर पट्टी लावून एक एक आडवी रेघ मारली आहे, अशी की खालचा आकडा वाचता येईल. हात म्हातारा, त्याला चार दिवस लागले. पहिल्या पानावर, गुरुजींच्या मथळ्याखाली, लिहिलं आहे की हे आकडे मोजलेले नाहीत, मी बसून लिहिलेले आहेत. खाली माझं नाव.

रेघेच्या बाजूला बरोबर उत्तर लिहायचं असतं. ती जागा सगळीकडे कोरी आहे.